एक लाख वेळा

भरमूने लॅपटॉपवर प्रोग्रॅममधली ती ओळ पुन्हा वाचली आणि गालातल्या गालात हसला. श्रियाचा नवा डिस्प्ले बोर्ड दर सेकंदाला तयार मालाचा आकडा मेमरीत लिहीत होता. चिपची हमी एक लाख वेळा लिहिण्याची. वहीचं एकच पान खोडून खोडून लिहिलं तर फाटणारच. आठ तासांची पाळी धरली तर चौथ्या दिवशी हमी संपत होती.

श्रिया शहापूरची, इंजिनिअर होऊन सहा महिन्यांपूर्वी आलेली. उद्यमबागेतल्या या फाउंड्रीत भरमू एकोणीस वर्षं बोर्ड दुरुस्त करत होता. तरी मालकांच्या तोंडी नाव तिचं. हा बोर्ड महिनाभर नीट चालला की दुरुस्ती विभाग तिच्याकडे जाणार होता. भरमूच्या पोटात दुखत होतं आणि ते त्याला कळतही होतं.

"अण्णा, प्रोग्रॅम बघितलासा न्हवं? काय चुकलंय काय?" तिने विचारलं.

"न्हाय. बेस हाय. लाव जा."

"आणि तुमचं नाव भरमू लिहायचं की भरमा?"

"कायबी लिव्ह. सगळी भरमूच म्हणत्यात."

कुठल्यातरी फॉर्मसाठी विचारत असेल, असं त्याला वाटलं. चिपबद्दल मात्र त्याने मिठाची गुळणी धरली.

बोर्ड भट्टीजवळच्या भिंतीवर लागला. एकेक कास्टिंग निघेल तसा लाल आकडा वाढू लागला. कामगार कौतुकाने बघायचे. भरमूही दिवसातून दहा वेळा बघायचा. चौथा दिवस गेला, पाचवा गेला, आकडा आपला चालूच. त्याला डब्यातली भाकरी गोड लागेना. पोरगी नशीबही घेऊन आली की काय, असं वाटून त्याचा जीव नुसता जळत होता.

नवव्या दिवशी मालक पाहुण्यांना बोर्ड दाखवत होते. आकडा थरथरला आणि गेला. श्रियाचा चेहरा पांढराफटक पडला. भरमू चहाचा कप घेऊनच पुढे सरकला. मालकांचं तोंड त्याला जवळून बघायचं होतं.

"आता काय?" मालकांनी विचारलं.

"मेमरी बिघडली की प्रोग्रॅममधलं पक्कं वाक्य दिसतं, सर," श्रिया खाली बघत म्हणाली. "ते मी आधीच लिहून ठेवलंय."

काळ्या पट्टीवर लाल अक्षरं सरकू लागली : 'बिघाड झाला आहे. भरमाअण्णांना बोलवा. त्यांना सगळं माहीत असतं.'