लिंबाजीमामांचं पान

पान आजही कोरंच निघालं.

लिपिक मुजीबसरांनी संगणकाचा पडदा निकिताकडं वळवला. "बघ, तूच बघ. धुरपदाबाईंनी खिचडीच्या तांदूळ-डाळीचा सगळा हिशेब टाकलाय. अन् शिपाईमामांच्या पानावर ठणठणगोपाळ."

निकिताचं तोंड उतरलं. कालच तर लिंबाजीमामा तिच्या शेजारी बसून सरावाच्या पानावर एकेक अक्षर हुडकत होते. बोटं जाडजूड, बटणं बारकी, तरी मामा हटले नव्हते. टाकी भरली, चाव्या जागेवर, सातवीच्या वर्गातला पंखा बंद, असं सगळं त्यांनी टाइप केलं होतं. रोजचं खरं पान मात्र शाळा बंद करताना त्यांनी एकट्यानं भरायचं होतं. तोवर निकिताची माकणीची एसटी निघून गेलेली असायची. आणि सकाळी बघावं तर पान कोरं. रोज कोरं.

"तू शेजारी असलीस की येतं त्यांना," मुजीबसर म्हणाले. ते रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. "जूनला कंत्राट नवं होणार. ज्याला हे पान एकट्यानं भरता येतं, तोच माणूस ठेवायचा असं समितीनं ठरवलंय. न्हायतर तालुक्याहून दुसरा येईल. मोठ्या मॅडम आज संध्याकाळी स्वतः बघणारेत."

संगणकावर पान भरायला शिकवायला बाहेरून आलेले सर एका दुपारी सगळं भराभर सांगून निघून गेले होते. तेव्हा नववीतल्या निकितानंच हात वर केला होता, "मी शिकवू का?" वर्गात प्रश्न विचारला की जिची मान खाली जायची, तीच ही निकिता. पहिल्या दिवशी तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. पण मामा तिच्या प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत राहिले आणि त्या एवढ्याशा व्हयवर तिचा आवाज मोठा होत गेला. आता ती अख्ख्या वर्गापुढं बोलायची. आणि ज्यांच्यामुळं बोलायला शिकली, त्यांचीच नोकरी तिच्या शिकवण्यामुळं जायची वेळ आली होती.

शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत चौघं जमले. मुख्याध्यापिका महेश्वरी मॅडम खुर्चीवर बसल्या. निकिताला त्यांनी मागच्या बाकावर बसवलं.

"तू एक शब्द बोलायचा नाहीस. मामा, रोज शाळा बंद करताना करता तसं करा. सुरू करा."

मामांनी डोक्यावरची टोपी नीट केली, चपला दाराबाहेर काढल्या आणि बसले. संगणक चालू केला. पासवर्ड टाकताना एक बटण जोरात दाबलं गेलं.

"हळू, मामा," दारातून धुरपदाबाई म्हणाल्या. "घंटा न्हाय ती, बडवाया."

"गप की गं. चुकतंय मग माझं."

पण चुकलं नाही. मामांनी स्वतःचं पान उघडलं. टाकी भरली. चाव्या जागेवर. मुलींच्या बाजूचा नळ गळतो, फिटरला सांगितलं. एकेक अक्षर उमटत गेलं. मागं निकितानं ओढणीचा पदर मुठीत आवळून धरला होता. मुजीबसर पुढं वाकले. शेवटची ओळ झाली, तशी निकिता बाकावरून अर्धी उठलीसुद्धा.

मग मामांनी सराईतपणे दोन बटणं एकदम दाबली. सगळ्या ओळी निळ्या झाल्या. आणखी एक बटण. पान कोरं.

मामांनी समाधानानं हात झटकले आणि मागं वळून पाहिलं. "झालं, मॅडम. रोज असंच करतो म्या."

"अहो मामा," मुजीबसरांना हसावं का डोकं धरावं कळेना, "पुसलं कशाला? पुसायला कधी शिकलात?"

"पोरीनं पयल्याच दिवशी शिकवलं की. चुकलं तर असं पुसायचं म्हणून."

निकिताला राहवलं नाही. धावत पुढं येऊन तिनंही दोन बटणं एकदम दाबली. गेलेल्या ओळी जशाच्या तशा परत आल्या.

मामा बघतच राहिले. "पुसल्यालं माघारी येतंय व्हय? लई झाक."

महेश्वरी मॅडम हसल्या. "मुजीबसर, समितीला कळवा. पान एकट्यानं भरता येतंय. जूनपासून लिंबाजीमामाच. फक्त ते पुसायचं बटण यांच्यापासून लांब ठेवा."

धुरपदाबाईंनी दारातूनच दोन्ही हात जोडले. निकिताचे डोळे भरून आले. मामांना मात्र आपलं काय चुकलं तेच उमगेना.

"पण मामा," मॅडमनी विचारलं, "लिहिलेलं रोज पुसत का होतात?"

"पुसायचंच की. शाळा सुटली की समदे फळे पुसून ठिवतो म्या. सकाळी बाई वर्गात आल्या अन् फळ्यावर कालचंच असलं, तर त्येंनी शिकवावं कुठं?"

"फळ्याचं ठीक आहे हो. पण या संगणकावर कोण बाई येतात शिकवायला?"

मामांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. ते खुर्चीवरून उठले, ओढणीनं डोळे पुसत उभ्या असलेल्या निकितासाठी जागा करून बाजूला झाले आणि म्हणाले, "ह्या काय, आल्यात की."