साबणावरचा ठसा

"हा स्क्रू उघडेल असं काही आहे तुमच्याकडे?" बाईने पर्समधून रुमाल काढला आणि रुमालातून साबणाची झिजून चपटी झालेली वडी.

वडीवर सहा टोकांची चांदणी उठली होती. चांदणीच्या मधोमध बारीक भोक.

स्क्रूशेठने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. गल्लीत हार्डवेअरची दुकानं पुष्कळ, पण जगावेगळ्या स्क्रूंसाठी सगळ्यांना त्याचीच पायरी चढावी लागे. त्याचा एक नियम होता. स्क्रू कुणालाही, तो उघडणारा बिट मात्र माणूस बघून. "कुलूप कुणीही न्यावं, किल्ली विचारून द्यावी," असं तो म्हणे. माणूस ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असंही म्हणे.

त्याने वडी हुंगली. वास ओळखीचा होता. असणारच, अर्धं गाव त्याच साबणाने आंघोळ करत होतं.

"साबणावर ठसा चोर घेतात, बाई."

"मी शाळेत गणित शिकवते."

"चोरांनाही गणित यावं लागतं."

बाई हसली नाही. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबाराला पाच कमी.

"कुठला स्क्रू?"

"खिडकीच्या ग्रिलचा. मैत्रिणीच्या घरचा."

"स्क्रूची डोकी बाहेरून आहेत की आतून?"

"आतून."

शेठचा हात खणावरच थांबला. "असला स्क्रू, आणि आतून? चोर काय आतून येतो? हे ग्रिल बाहेरच्यासाठी नाही. आत कुणीतरी आहे."

बाईने ओठ आवळले. मग सगळं एका दमात बाहेर पडलं. "नवऱ्याने कोंडलंय तिला. दाराला बाहेरून कुलूप, आणि किल्ली त्याच्या खिशात. तिला परगावच्या दवाखान्यात नोकरी लागलीय. आज पाचच्या आत हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. दीडची बस गेली की संपलं. हा ठसा तिनेच घेतला आणि वडी गजांमधून बाहेर सरकवली."

"नवरा आहे की कसाई?" शेठने फोनकडे हात नेला. "थांबा, पोलिसांनाच कळवतो."

"नको!" बाई एवढ्या जोराने म्हणाली की रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं. तिने आवाज खाली आणला. "त्यात दिवस जाईल, काका. आज दिवसच नाहीये हातात."

तेवढ्यात फोन आपणहून वाजला. शेठच्या घरून होता.

"लेक काय करतेय गं?" त्याने विचारलं.

"झोपलीय," पलीकडून बायको म्हणाली. "आणि तुम्ही आज तीनलाच या जेवायला. स्वयंपाकाला उशीर आहे."

"बरं, बरं. उठवू नकोस तिला."

फोन ठेवला तेव्हा शेठचा आवाज मऊ झाला होता. "मलाही मुलगी आहे, बाई. डोळ्यात तेल घालून जपतो. घराबाहेर पाऊल टाकायची वेळ येऊ देत नाही तिच्यावर. लेकीच्या बापालाच कळतं हे सगळं."

"कळत असेल," बाई म्हणाली.

त्याने खालचा खण ओढला. नमुन्याच्या स्क्रूंची डबी काढून एकेक स्क्रू तो साबणावरच्या चांदणीवर अलगद टेकवून बघू लागला. पहिला बसेना. दुसरा डुगडुगला. तिसरा बसला, चौथाही बसल्यासारखा वाटला.

"लवकर, काका."

"घाई नको. एक नंबर चुकला तर चांदणी घासून जाईल. मग तो स्क्रू ब्रह्मदेव आला तरी निघायचा नाही." त्याने वडी उजेडात धरली. "बसवणारा कसबी दिसतो हं. ठसा कसा स्वच्छ आलाय बघा."

"गावात तसा दुसरा नाही म्हणतात."

"असेल, असेल. असल्यांनाच घमेंड फार." तिसरा स्क्रू त्याने पुन्हा टेकवला आणि मान डोलावली. "हाच. हा नंबर चांगला खपतो. माझ्याही घरी हाच आहे."

त्याने टोकाला भोक असलेला बिट शोधला. मग बाईने न मागताच हँडलं धुंडाळायला लागला. लांब हँडल बाजूला सारलं आणि बोटभर आखूड काढलं. "हे गजांमधून आत जाईल. आणि खाली चादर पसरायला सांगा. स्क्रू फरशीवर पडला तर आवाज होतो."

"तुम्ही फार विचार करता, काका."

"धंदाच तसा आहे."

बाई पैसे काढू लागली तसा त्याने हात आडवा केला. "माझ्याकडून म्हणून द्या." पुडीत बिट आणि हँडल घालून त्याने कानावरचं पेन काढलं आणि नेहमीच्या सवयीने पुडीवर सूचना लिहिली. पेन खाली ठेवता ठेवता काय वाटलं कुणास ठाऊक, खाली आणखी दोन शब्द लिहिले.

बाईने ते वाचले. मग ती पायऱ्या उतरली आणि कोपऱ्यापर्यंत चालत, कोपऱ्यानंतर धावत गेली.

दीड वाजता शेठने घड्याळाकडे पाहिलं. बस सुटली असेल. कुणातरी परक्या पोरीसाठी त्याने मनातल्या मनात हात जोडले.

तीनला तो घरी पोचला, लेकीच्या आवडीची बिस्किटं घेऊन. बायको जेवत बसली होती. लग्नापासून आज पहिल्यांदाच त्याच्या आधी.

"उठली का पोर?"

"बघा की तुम्हीच," ती ताटातून मान वर न काढता म्हणाली.

त्याने खिशातून किल्ली काढली आणि लेकीच्या खोलीचं कुलूप उघडलं. ग्रिल भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. पलंगावरची चादर खिडकीखाली पसरली होती, आणि चादरीवर काढलेल्या स्क्रूंच्या शेजारी त्याच्याच दुकानाची पुडी, तिच्यावर त्याचंच वळणदार अक्षर: 'पोरी, दाबून धर, डावीकडे फिरव. घाई नको. एका बापाकडून.'