कोणालेच न समजणारी भाषा

तांड्यावरचा देवसिंग आणि त्याची बायको रुपीबाई घाटंजीच्या बाजारात मिरच्या विकायची. गिऱ्हाइकाला शेवटचा भाव काय द्यायचा, ते दोघं त्याच्या तोंडासमोरच आपल्या बंजारा भाषेत, गोरबोलीत ठरवायची. पण ऐकून ऐकून आता अख्ख्या बाजारालाच गोरबोली समजायला लागली होती, आणि जो तो नेमका त्याच भावावर अडून बसायचा.

अशात बारावी झालेल्या लेकीनं, राखीनं, कॉलेजात संस्कृत घ्यायचं काढलं. देवसिंग भडकलाच. "फी कमी हाय, कबूल! पण जे भाषा कोणालेच समजत नाही, ते शिकून करशीन काय?"

राखी खुदकन हसली, आणि आईबापाला समोर बसवून तिनं दोघांकडून संस्कृत आकडे घोकून घेतले.

पुढच्या बाजारात एक काकू भाव पाडायला लागल्या, तशी रुपीबाई नवऱ्याला म्हणाली, "चत्वारिंशत्?" म्हणजे, चाळीसपर्यंत उतरायचं का? देवसिंगनं ठसक्यात मान डोलावली. काकू दोघांच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि सांगितल्या भावानं मिरच्या घेऊन गेल्या.



देवसिंगनं तिथूनच लेकीला फोन लावला, "बेटी, आजच्या आज नाव टाक! अन् तुह्या सरले सांगजो, घाटंजीतल्या दुसऱ्या कोणाले शिकवू नोका!"