हरलेल्या मतांची चाल

नवे नगराध्यक्ष भास्कर तिरोडकर तिसऱ्यांदा बेसूर झाले, तेव्हा वाद्यवृंद थांबला आणि सभागृहात हशा पिकला. शपथेआधी विजेत्याने हरलेल्या मतांची चाल गायची, असा आता नियम होता. प्रत्येक मतदार मत देताना मनाला येईल ती ओळ गुणगुणत असे. निकालानंतर मतदानयंत्र हरलेल्या उमेदवाराला मिळालेल्या मतांच्या ओळींतून नवी रचना बांधायचं आणि कुणाचं मत कळू नये म्हणून सगळे आवाज एकमेकांत मिसळून टाकायचं.

"माझ्याबरोबर गा," शेजारी उभ्या इंदुमती खोत म्हणाल्या. निवडणुकीत त्या भास्कररावांकडूनच हरल्या होत्या.

त्यांच्या आवाजाला धरून भास्कररावांनी पुन्हा सुरुवात केली. मागे गावातला गायकवृंद साथ देत होता. मध्येच एक जागा आली, शेवटचा सूर जरा ओढून अलगद सोडलेला. भास्करराव चमकले. "अहो, पान वाढलंय" ही हाक त्यांनी तीस वर्षं याच लकबीत ऐकली होती. आवाज मिसळला होता, पण ओढ सुलभाचीच होती.

तेवढी जागा ते अगदी सुरात गायले. टाळ्या थांबेनात.

शपथ झाल्यावर ते पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "कुठे चुकलो मी?"

"गाण्यात?"

"नाही. त्याआधी."

सुलभाताईंना हसू आलं. "घरी चला, सांगते. बराच वेळ लागेल."

"मग मीही येते," मागून इंदुमतीबाई म्हणाल्या.