नवा नसलेला पुरावा

ल्यूथर पेटवेने खून केला नव्हता, यावर कोर्टात सगळ्यांचं एकमत झालं. सरकारी वकिलानेही मान हलवली. पण हललेली मान लघुलेखिकेला लिहून घेता येत नाही. तेव्हा असं काही झालंच नाही, असं धरून पुढे जाऊ.

ल्यूथर साक्षीदाराच्या खुर्चीत बसला होता. गुडघे थरथरत होते, त्यामुळे पायांतल्या बेड्या किणकिणत होत्या. त्याने दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. आवाज थांबला. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता त्याला विषाची सुई टोचायचं ठरलं होतं, आणि ते थांबवू शकेल असं हे शेवटचं कोर्ट होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी चौदा जूनला, शनिवारी, रात्री अकरा वाजता पेट्रोलपंपावरच्या एका माणसाला कुणीतरी गोळी घातली होती. त्या रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंत ल्यूथर चाळीस मैल लांब, शेजारच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोठडीत होता. त्या संध्याकाळी चर्चमागच्या मैदानात मासे तळून खायचा कार्यक्रम होता. तिथे पिऊन तो गवत कापायच्या गाडीवर बसून हमरस्त्याने घरी निघाला आणि सिग्नलपाशी पकडला गेला. सिग्नल मात्र त्याने पाळला होता. कोठडीच्या वहीत हे सगळं होतं, बोटांच्या ठशांसकट.

पहिल्या वकिलाला त्याने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वकील हादरला. ज्यूरीपुढे कोठडीचं नावसुद्धा काढू नकोस म्हणाला, लोकांचं तुझ्याबद्दलचं मत वाईट होईल. लोकांचं मत चांगलं राहिलं. त्यांनी ल्यूथरला मृत्युदंड दिला.

दुसऱ्या वकिलाने राज्याच्या कोर्टात अर्ज केला. त्यात बावीस मुद्दे होते, त्यातला एक ज्यूरीच्या खुर्च्या टणक असल्याबद्दलचा. कोठडीचा मुद्दा नव्हता. मुदत संपली. आणि राज्याच्या कोर्टात जे वेळेत मांडलं नाही, ते हे शेवटचं, केंद्राचं कोर्ट बघत नाही. फट एकच होती: निर्दोष असल्याचा नवा पुरावा आणायचा.

तिसरी वकील, इमोजीन स्टॉलवर्थ, अठ्ठावीस वर्षांची होती. ती वही तिनेच शोधून काढली होती. सुनावणीच्या आदल्या दिवशी ती तुरुंगात आली आणि काचेपलीकडून म्हणाली, वहीत लिहिलंय की तुम्ही पिऊन तर्र होता. इतकं प्यालेल्या माणसाला नंतर काही आठवत नसेल, नाही का ल्यूथरकाका? ल्यूथर म्हणाला, मला सगळं आठवतं पोरी, तू घाबरू नकोस. साक्षीदाराला पढवणं गुन्हा होता, त्यामुळे याहून जास्त बोलायची तिला परवानगी नव्हती. ती गेली.

उरलेला दिवस त्याने ती रात्र घोकली. एखादा तपशील चुकला की हा थापा मारतोय म्हणतील, ही धास्ती त्याला एकोणीस वर्षं होती.

जजसाहेब दरडावतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि मऊ आवाजात विचारलं, "मिस्टर पेटवे, त्या रात्री आपण कुठे होतो, हे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं का?"

एकोणीस वर्षांत हे त्याला कुणी कोर्टात विचारलं नव्हतं.

"हो साहेब. पक्कं माहीत होतं. डावीकडून तिसरी कोठडी." इमोजीनने पेन खाली ठेवलं. "जेवायला घेवडा आणि मक्याचा पाव, खालून करपलेला. शेजारी एक म्हातारा भजन म्हणत होता. दुसरं कडवं दर वेळी चुकवायचा." इमोजीनने डोळे मिटले.

"म्हणजे ही माहिती तुमच्याजवळ पहिल्या दिवसापासून होती."

"पहिल्या दिवसापासून, साहेब," ल्यूथर म्हणाला. त्याचे गुडघे आता थरथरत नव्हते.

जजसाहेबांनी चष्मा लावला. पुरावा खरा आहे, म्हणाले, आणि त्यांना मनापासून वाईट वाटतं. पण अर्जदाराला एकोणीस वर्षं पाठ असलेली गोष्ट नवी म्हणता येत नाही. अर्ज फेटाळला.

बाहेर बोळात पहारेकरी बेड्या तपासत असताना ल्यूथरने इमोजीनला विचारलं, म्हणजे मला आठवत नसतं, तर? तिने होकारार्थी मान हलवली.

तुरुंगात विनंतीसाठी पिवळा कागद मिळतो, आणि एका कागदावर एकच मागणी करता येते. ल्यूथरने तो गुडघ्यावर ठेवला. गुडघा पुन्हा थरथरत होता, म्हणून जमिनीवर ठेवला आणि सावकाश लिहिलं:

"विषय: स्मरणशक्ती. चौदा जूनच्या रात्री मी कुठे होतो, ही माझी आठवण गुरुवारच्या आत कार्यालयात जमा करून घ्यावी, तशी पोच द्यावी, आणि त्यानंतर तीच माहिती मला नव्याने कळवण्यात यावी, ही नम्र विनंती."