पाणीसाठ्याचा फोटो

लातूरकडं त्या दुष्काळात पाण्याच्या टाक्यांपाशी पोलीस पहाऱ्याला बसले होते. टँकर हवा तर गावची टाकी कोरडी असल्याचा फोटो आणा, असं तहसीलात सांगितलं, म्हणून गुरुपादप्पा मोबाईल घेऊन टाकीवर चढला.

"उतर खाली," हवालदार ओरडला. "फोटो कशाला काढायलास? उद्या कुणी पाण्यात विष कालवलं म्हंजे?"

"कालवायला पाणी तर पाहिजे, साहेब. वर येऊन बघा."

हवालदार वर गेला नाही. गुरुपादप्पा उतरल्यावर त्यानं मोबाईल काढून घेतला, फोटो पुसला आणि लिहिलं, 'सदर इसम पाणीसाठ्याचा फोटो काढताना मिळून आला.' मोबाईल परत मिळावा म्हणून गुरुपादप्पानं खाली सही केली. एक प्रत तहसीलात गेली.

आठवड्यानं टँकरचा अर्ज नामंजूर होऊन आला. शेरा होता, 'गावात पाणीसाठा असल्याचे अर्जदाराने पोलिसांसमोर कबूल केले आहे.'