वाडीची राखण
अबुधाबीतल्या शिकारीच्या प्रदर्शनात तहाने एअरगन खांद्याला लावून बायकोकडे पाहिलं. “गावच्या वाडीत शेकरू शहाळी फोडतं ना, नबिला? सुट्टीत मुंबईत अशीच घेऊ. एका छर्‍यात खलास!” विक्रेत्याने हसून छर्‍यांची डबी उघडली. नबिलाने एक छर्रा तळहातावर घेतला. मसुराएवढाच होता. माडावरून माडावर झेपावणारी ती तांबूस, झुपकेदार शेपटीची खार तिला आठवली आणि तिचं डोकंच फिरलं. “आपण वर्षातून एकदा जातो. आपले नारळ पडून कुजतात. बारा महिने त्या वाडीत राहणारं ते एकटंच, आणि चोर त्यालाच ठरवता?” “हळू बोल. अब्बांची वाडी आहे, राखायला नको?” तिने छर्रा काउंटरवर आपटला. “राखायचीय? मग यल्ला, चला, राहायलाच जाऊ! मी उद्या राजीनामा देते, तुम्हीही द्या.” तहाने बंदूक विक्रेत्याच्या हातात परत दिली.